टॅबमधले फोटो संगणकावर उतरवून जागा मोकळी करायची आहे

कान_वेणी

नमस्कार मंडळी. आमचा घरचा चपलांचा धंदा, कोल्हापुरात सुभाषनगरला. सासरे तळ कापतात, सासूबाई वेणी घालतात, मी गिऱ्हाईक आणि हिशेब बघते. ऑर्डरचं सगळं काम एका अँड्रॉइड टॅबवर चालतं. जोड तयार झाला की फोटो काढायचा, गिऱ्हाइकाला पाठवायचा, रंग-माप पक्कं झालं की पुढचं काम. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर बाहेरगावची माणसं नुसतं 'कोल्हापुरी द्या' म्हणत नाहीत. कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) हवी, कान म्हणजे बाजूच्या पट्ट्या किती रुंद, वर गोंडा हवा की नको, असं जुन्या फोटोवर बोट ठेवून विचारतात. म्हणून जुने फोटो पुसून चालत नाही.

टॅब ६४ जीबीचा आहे. आता कॅमेरा उघडला की 'जागा अपुरी' असं येतं आणि फोटो निघतच नाही. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाने पाठवलेला पायाच्या मापाचा कागदही उतरत नाही.

धंद्याचं सोडा, त्यात सासूबाईंचे व्हिडिओ आहेत. वादीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून त्या पेड टाकत जातात, मध्येच थांबून नखाने वेणी सारखी करतात, परत ओढतात. मोतीबिंदूच्या त्रासानंतर त्यांनी ती बारीक वेणी सोडली. आता कॅमेरा कितीही चांगला आणला तरी ते परत मिळणार नाही.

घरी बिलांसाठी विंडोजचा संगणक आहे. केबल लावली तर टॅब चार्ज होतो, पण संगणकावर काहीच दिसत नाही. एका दुकानात विचारलं तर 'टॅब रीसेट करून घ्या, मोकळा होईल' म्हणाले. म्हणून आधी इथे विचारते आहे. कुणी नीट सांगेल का?

मिसळ_कट

ताई, गुगल फोटोज चालू करा की. सगळं आपोआप वर जातंय, मग खालचं पुसायचं. लई सोपं हाय. केबल-बिबलच्या नादाला कशाला लागताय?

सायबर_चौक

ताई, रीसेट अजिबात करू नका. रीसेट केला की टॅबच्या आतलं सगळं जातं आणि अलीकडच्या अँड्रॉइडवर आतली साठवण कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, त्यामुळे नंतर कुठल्याही दुकानात नेलं तरी ते परत काढता येत नाही. माझं संगणक दुरुस्तीचंच काम आहे, त्यामुळे हे आधी सांगतो.

आता केबलचं. टॅब चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, याची नेहमीची कारणं दोनच. पहिलं, केबल. बऱ्याच स्वस्त केबलींत चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. टॅबच्या डब्यातून आलेली मूळ केबल शोधा, किंवा जिने कुणाचा फोन संगणकाला जोडलेला तुम्ही पाहिलाय ती आणा. संगणकाच्या पुढच्या बाजूचं पोर्ट ढिलं झालेलं असतं कधी कधी, मागच्या पोर्टला लावून बघा.

दुसरं कारण टॅबच्या आतलं. केबल लावल्यावर अँड्रॉइड आपणहून 'फक्त चार्जिंग' धरतं. कुणीही केबल लावून तुमचे फोटो उचलू नयेत म्हणून ती सोय आहे. टॅबचं कुलूप उघडा, वरून सूचनांचा पडदा खाली ओढा, तिथे यूएसबीबद्दल एक ओळ दिसेल. तिच्यावर टिचकी मारली की पर्याय येतात, त्यातला 'फाइल ट्रान्सफर' निवडा. मग संगणकावर 'धिस पीसी' उघडा, तिथे टॅबचं नाव दिसेल. पेन ड्राइव्हसारखं ई किंवा एफ अक्षर मिळणार नाही, नुसतं नाव येईल. कॉपी चालू असेपर्यंत टॅबचा पडदा बंद होऊ न देणं बरं, म्हणून सेटिंगमध्ये पडदा जास्त वेळ चालू राहील असं करून ठेवा.

आत 'इंटर्नल स्टोरेज' मध्ये 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर आहे. त्यात 'कॅमेरा'. तुमचे काढलेले फोटो आणि व्हिडिओ तिथे. 'पिक्चर्स' नावाचं वेगळं फोल्डर असतं, त्यात स्क्रीनशॉट आणि इतर ॲपनी ठेवलेले फोटो सापडतात. दोन्ही घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'कट' करू नका, 'कॉपी' करा. कट केल्यावर मध्येच केबल हलली तर कुठली फाइल इकडे पोचली आणि कुठली तिकडे राहिली याचा पत्ता लागत नाही. कॉपी अर्धवट राहिली तरी मूळ टॅबमध्ये शाबूत असतं.

कान_वेणी

दादा, खूप आभार. दिराच्या फोनची केबल लावली आणि सूचनेतून 'फाइल ट्रान्सफर' केलं, लगेच टॅब दिसला. डीसीआयएम सापडलं. पण पूर्ण फोल्डर एकदम ओढलं तर बराच वेळ नुसतं 'मोजणी चालू' दाखवतं आणि मग अडकतं. आणि व्हॉट्सॲपचे फोटो कुठेच दिसत नाहीत. गिऱ्हाइकांनी पाठवलेली मापं सगळी त्यातच आहेत.

सायबर_चौक

अडकतं कारण टॅब आणि विंडोज यांच्यात बोलायची जी पद्धत आहे, एमटीपी, ती एका फोल्डरात हजारो फाइली असल्या की धापा टाकते. एकेक फाइलची माहिती विचारत बसते. म्हणून तुकड्यांत घ्या. फोल्डर उघडा, यादी पूर्ण भरू द्या, तारखेने लावा आणि एकेका महिन्याचे फोटो निवडून संगणकावर त्याच महिन्याच्या फोल्डरात टाका. फोल्डरचं नाव '२०२४-०७' असं वर्ष आधी ठेवून द्या, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

व्हिडिओ वेगळे काढा आणि आधी तेच घ्या. जागा खरी तेच खातात. साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, आणि फुल एचडी व्हिडिओचा एक मिनिट शंभर एमबीच्या आसपास किंवा वर जातो. फोरके असेल तर त्याच्या कितीतरी पट. तेव्हा वेणीचे व्हिडिओ सुखरूप उतरले की टॅबला निम्मा श्वास तिथेच मिळेल.

व्हॉट्सॲपचं असं आहे की अँड्रॉइड ११ पासून त्याची जागा बदलली. 'इंटर्नल स्टोरेज' मध्ये 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम.व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप', परत 'मीडिया', आणि मग 'व्हॉट्सॲप इमेजेस' आणि 'व्हॉट्सॲप व्हिडिओ'. धंद्याचं बिझनेस व्हॉट्सॲप वापरत असाल तर 'कॉम.व्हॉट्सॲप' च्या शेजारी शेवटी 'डब्ल्यूफोरबी' असलेलं फोल्डर असेल, तुमचं सामान त्यात. या फोल्डरांच्या आत 'सेंट' म्हणून आणखी एक असतं. तुम्ही पाठवलेले फोटो तिथे जातात. बहुतेकांचं ते बघायचंच राहून जातं.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या आत मूळ तारीख आणि जागा यांची माहिती उरत नाही, ती वाटेतच गळते. पण फाइलच्या नावातच तारीख असते: 'आयएमजी', मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग 'डब्ल्यूए' आणि क्रमांक. म्हणून ही नावं बदलू नका. गिऱ्हाइकाचं नाव लावायचंच असेल तर शेवटी जोडा, सुरुवातीची तारीख तशीच राहू द्या.

शाहूपुरीकर

मला एक शंका. कॉपी केल्यावर फोटोंची तारीख आजची दिसते. मग पुढे क्रम कसा लावायचा?

सायबर_चौक

ती फाइल संगणकावर तयार झाल्याची तारीख असते. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत लिहिलेली असते, ती कॉपी करून बदलत नाही. विंडोजच्या फोल्डरात वरच्या पट्टीवर उजवी टिचकी मारून 'डेट टेकन' हा रकाना घ्या आणि त्यावर लावा. कॅमेऱ्याचे फोटो नीट क्रमाने येतील.

मिसळ_कट

माझा मुद्दा तसाच राहिला की. एवढी मारामारी करण्यापेक्षा गुगलवर टाकलं की झालं. पोरं सगळी तेच करतात.

नाट्यवेडी

मिसळ_कट, गुगल वाईट नाही, मीही वापरते. पण त्याचे नियम माहीत करून घेऊन वापरायला हवं. फुकटची जागा १५ जीबी, आणि ती फोटोंना एकट्याला नाही. जीमेल आणि ड्राइव्ह त्यातच. १ जून २०२१ च्या आधी थोडा कमी दर्जा पत्करला तर कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, ते तेव्हापासून बंद झालं. ६४ जीबीचा भरलेला टॅब १५ जीबीत बसत नाही, म्हणजे दर महिन्याला पैसे आले. पैसे देऊन ठेवायला माझी हरकत नाही, पण ते पुढे कायम द्यावे लागतात हे आधी माहीत हवं.

दुसरं त्याहून मोठं. गुगल फोटोज हा आरसा आहे. सिंक (फोटो आपोआप वर जाणं) चालू असताना तुम्ही टॅबवरच्या गुगल फोटोज ॲपमध्ये एखादा फोटो डिलीट केला, की तो टॅबवरूनही जातो आणि वरूनही जातो. मग कचरापेटीत ६० दिवस थांबतो आणि नंतर कायमचा नाहीसा होतो. 'वर तर आहेच की' असं समजून खालचं पुसायचं, ही समजूतच नुकसान करते. वर ठेवून फक्त टॅबमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून 'फ्री अप स्पेस' नावाचा पर्याय आहे. तो वर सुखरूप पोचलेलंच खालून काढतो. डिलीट आणि हा पर्याय, या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

आणि 'स्टोरेज सेव्हर' हा कमी जागेचा पर्याय निवडलेला असेल तर व्हिडिओ १०८०पी (फुल एचडी) पर्यंत खाली येतात आणि फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत. रोजच्या फोटोंना चालेल. वेणीच्या व्हिडिओसाठी मी तरी मूळ दर्जाच ठेवला असता.

मिसळ_कट

हे आरशाचं मला ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

इचलकरंजीचा_माग

धागा वाचतोय. माझ्याकडे आयपॅड आहे, विंडोजला जोडला की काही फोटो उतरतात आणि मध्येच 'जोडलेलं उपकरण काम करत नाही' असा संदेश येऊन थांबतं. जे उतरतात त्यातले बरेच उघडत नाहीत, शेवटी 'एचईआयसी' लिहिलेलं असतं. कापडाच्या नमुन्यांचे फोटो आहेत, रंग महत्त्वाचा. काय करू?

सायबर_चौक

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून फोटो ठेवायची नवी पद्धत आणली, एचईआयसी. त्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या जवळपास निम्म्या जागेत बसतो. विंडोजला जोडल्यावर आयपॅड ते फोटो जाता जाता जेपीजीत बदलून द्यायला बघतो आणि त्या बदलाच्या गडबडीत जोडणी तुटते. आयपॅडच्या सेटिंगमध्ये फोटोजच्या पानावर तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' च्या जागी 'कीप ओरिजिनल्स' करा. मग आहे तसं उतरेल, अडकणार नाही. विंडोजवर ते उघडायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेंशन्स' घ्या, ते फुकट आहे; तरी उघडलं नाही तर 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेंशन्स'ही लागतं. केबल लावल्यावर आयपॅड 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' विचारतो, तिथे होकार आणि पासकोड दिल्याशिवाय फोल्डर रिकामंच दिसतं.

आता एक तपासा. आयक्लाउड फोटोज (ॲपलची ऑनलाइन साठवण) चालू असून 'ऑप्टिमाइझ आयपॅड स्टोरेज' वर खूण असेल, तर पूर्ण आकाराचे मूळ फोटो आयपॅडमध्ये नसतातच, तिथे लहान प्रती असतात. मग केबलने तुम्हाला सगळं मिळणार नाही. तेव्हा संगणकावरच्या ब्राउझरमधून आयक्लाउडच्या साइटवर जाऊन मूळ फोटो उतरवून घ्या. आणि आयक्लाउडलाही तोच आरशाचा नियम: आयपॅडवर पुसलं की वरूनही जातं. रंगाचे नमुने असतील तर ही तपासणी सोडू नका.

दुधाळी

केबल, फोल्डर हे सगळं ठीक आहे, पण कुणीच अजून बोललं नाही ते मी लिहितो. ताई, तुमचा संगणक घरात कुठे आहे? तळमजल्यावर?

आमच्याकडे पंचगंगेचं पाणी येतं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या पोराटोरांना पाठ असतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी घरांत शिरलं तेव्हा माणसं, जनावरं, कागदपत्रं, धान्य या क्रमाने वर चढवलं गेलं. टेबलाखालचा संगणकाचा डबा कुणाच्या लक्षात राहतो? आमच्या गल्लीत पाणी उतरल्यावर किती सीपीयू गाळाने भरलेले रस्त्याकडेला ठेवले होते, त्यांत काय काय होतं कुणास ठाऊक.

सुभाषनगर नदीपासून लांब आहे हे मान्य. पण पाणी नाही तर शॉर्टसर्किट आहे, चोरी आहे, हार्ड डिस्क आपणहून बसणं आहे. टॅबमधून संगणकावर आणलं आणि टॅबमधलं पुसलं, की तुमच्याकडे परत एकच प्रत उरली. फक्त जागा बदलली. याला बॅकअप म्हणायचं नाही. पुसायच्या आधी दुसरी प्रत झालीच पाहिजे आणि ती त्या घरात नको. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, सगळं तिच्यावर परत कॉपी करा आणि ती माहेरी ठेवा, नाहीतर बहिणीकडे. आमची डिस्क पन्हाळ्याच्या वाटेवर पाहुण्यांच्या घरी असते, दिवाळीला आणि पावसाळ्याच्या आधी आणून भरतो, परत नेऊन ठेवतो.

सायबर_चौक

दुधाळी यांनी लिहिलं ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. आमच्या धंद्यात याला तीन-दोन-एक म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. छायाचित्रकारांमध्ये हा नियम रुळला आणि तिथून सगळीकडे गेला. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा: संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि निवडक वेणीचे व्हिडिओ गुगलच्या त्या १५ जीबीत. सगळं वर टाकायची गरज नाही, जे परत मिळणार नाही तेवढंच टाका.

माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचं रडणं बहुतेक वेळा बंद पडलेल्या डिस्कवरून नसतं. डिस्क बदलता येते. एकच प्रत होती, यावरून असतं. आणि तिथे मी काही करू शकत नाही, हे त्यांना सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

नाट्यवेडी

दुधाळी, अगदी खरं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या टॅबमध्ये त्या रंगमंचावरच्या स्पर्धांचे फोटो आहेत. विंगेतून काढलेले, जुन्या लाकडी फळ्यांचे, रंगपटातल्या आरशासमोर मेकअप करणाऱ्या पोरींचे. काढताना ते साधे फोटो होते. आता तो रंगमंच तसा कुठे नाही. त्या आठवड्यात मी ते फोटो तिघी मैत्रिणींच्या संगणकांवर ठेवले. नवीन नाट्यगृह बांधून होईल, फळ्याही नव्या येतील, पण जुन्या फळीवरची खडूची खुणेची फुली माझ्याच फोटोत आहे.

ताई, तुमच्या सासूबाईंचा व्हिडिओ हा फक्त घरचा नाही. पुढे कुणी पोरगी ही वेणी शिकायला आली तर तिला हात कसे चालतात ते त्यातूनच दिसेल. मूळ दर्जात ठेवा, छोटा करून ठेवू नका.

कान_वेणी

वाचून पोटात कालवलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, 'माझं कशाला एवढं, चपलांचे फोटो जपा.' मी दोन्ही जपणार आहे.

आजवरचं सांगते. व्हिडिओ आधी घेतले, मग महिन्याच्या महिन्याने फोटो. व्हॉट्सॲपचं फोल्डर अगदी दादांनी सांगितलं तिथेच होतं, 'डब्ल्यूफोरबी' वालं. 'सेंट' मध्ये तर आमची सगळी डिझाइनं एकत्र सापडली, कारण आम्ही तेच गिऱ्हाइकांना पाठवतो. संगणक माडीवर हलवला. आता पुसायच्या आधी सगळं आलंय याची खात्री कशी करायची?

सायबर_चौक

छान काम केलंत. खात्रीला थोडा वेळ द्या, घाई करू नका.

टॅबवरच्या फोल्डरात जेवढ्या फाइली, तेवढ्याच संगणकावर आहेत का ते मोजा. संगणकावरच्या फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', तिथे संख्या आणि एकूण आकार दिसतो. संख्या जुळणं पुरेसं नाही. अर्धवट कॉपी झालेली फाइल मोजणीत धरली जाते. म्हणून फोल्डर आकाराने लावा आणि शून्य केबीची एखादी फाइल आहे का बघा. मग व्हिडिओ उघडा आणि सरळ शेवटच्या मिनिटाला जा. अर्धवट व्हिडिओ सुरुवातीला नीट चालतो आणि शेवटाकडे अडखळतो, किंवा मुळीच उघडत नाही. वेणीचा प्रत्येक व्हिडिओ असा शेवटापर्यंत बघा. फोटोंपैकी प्रत्येक महिन्याचे काही इथून-तिथून उघडा, लघुचित्रावर विसंबू नका, पूर्ण पडद्यावर उघडा.

मग बाहेरची डिस्क. ती भरून, तिच्यावरही हेच करून, ती घराबाहेर गेली की मगच टॅबला हात लावा.

पुसतानाही केबलवरून पुसू नका, टॅबच्या गॅलरीतून पुसा आणि तेही एकेका महिन्याचं. गुगल फोटोजमध्ये सिंक चालू असेल तर नाट्यवेडी यांनी लिहिलेलं परत वाचा आणि मग पुसा. पुसल्यावर जागा लगेच वाढलेली दिसणार नाही, कारण बऱ्याच टॅबच्या गॅलरीत कचरापेटी असते आणि फोटो तिथे ३० दिवस पडून राहतात. मी म्हणेन, ते थोडे दिवस तसेच राहू द्या. काही राहिलंय असं लक्षात आलं तर तिथून परत आणता येतं. अगदीच अडलं असेल तर पेटी रिकामी करा.

व्हॉट्सॲपमधलं काढताना सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' ला जा. तिथे ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि पुनःपुन्हा पुढे पाठवलेलं सामान वेगळं लावलेलं असतं. 'सुप्रभात' चे व्हिडिओ आणि सणांची शुभेच्छापत्रं आधी तिथून घालवा, ती कॉपी करायचीही गरज नाही. गिऱ्हाइकांच्या मापांना मात्र एक लक्षात घ्या: फाइल टॅबमधून गेली की चॅटमध्ये तो फोटो उघडणार नाही. चालू ऑर्डरींची मापं टॅबमध्येच राहू द्या.

शाहूपुरीकर

मेमरी कार्ड टाकलं तर हे सगळं टळत नाही का? माझ्या टॅबला खाच आहे.

दुधाळी

जागा मिळते, प्रत मिळत नाही. टॅब बसमध्ये राहिला तर कार्ड त्याच्याबरोबर गेलं. कार्ड जरूर टाका, पण वरचं सगळं करावंच लागेल.

कान_वेणी

राजारामपुरीतून बाहेरची हार्ड डिस्क आणली. फोटो भराभर गेले. पण वेणीचा सगळ्यात मोठा व्हिडिओ, सलग पूर्ण जोडाचा, तो डिस्कवर घेतच नाही. 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं. डिस्कवर तर भरपूर जागा आहे.

सायबर_चौक

तो व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असणार. डिस्क 'फॅट३२' पद्धतीने मांडलेली असेल, तर तिच्यावर ४ जीबीच्या पुढची एक फाइल बसत नाही, जागा कितीही असू दे. डिस्कच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'फाइल सिस्टिम' समोर काय लिहिलंय ते बघा. फॅट३२ असेल तर ती 'एक्सफॅट' मध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालेल. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं. तुमचे फोटो अजून संगणकावर आणि टॅबमध्ये दोन्हीकडे आहेत, म्हणून आत्ताच करून टाका, टॅब रिकामा केल्यावर नको. फॉरमॅटच्या खिडकीत डिस्कचं नाव आणि आकार नीट वाचून मग 'स्टार्ट' दाबा, संगणकाचा 'डी' ड्राइव्ह चुकून निवडला जाऊ नये. परत सगळं भरून झालं की खालच्या कोपऱ्यातून 'इजेक्ट' करा आणि मगच केबल काढा.

कान_वेणी

फॅट३२ च होतं. एक्सफॅट केलं, मोठा व्हिडिओ गेला, शेवटपर्यंत चालवून बघितला. डिस्क रविवारी गडहिंग्लजला, माहेरी. टॅब त्यानंतरच पुसते.

मिसळ_कट

ताई, गडहिंग्लजहून डिस्क पोचली की इथे लिहा. मीपण आईचा टॅब याच पद्धतीने घेतोय, केबल आजच शोधली.